मधली बावीस मिनिटं

(संध्याकाळचे सव्वासात. इस्त्रीचं टेबल, टेबलाच्या टोकाला पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला टॅबलेट.)

खारू : संपला सिनेमा?

आई : संपला. सरक जरा, वायर पायात येईल तुझ्या.

खारू : तू रडतेयस.

आई : वाफ आहे ती इस्त्रीची.

खारू : वाफ नाकातून गळत नाही. कारकून बोलला का शेवटी?

आई : बोलला! आणि इतकं साधं बोलला गं. मला वाटलं, आता भाषण ठोकणार, मागे वाद्यं वाजणार. छे! उभा राहिला, चष्मा पुसला आणि म्हणाला, फाटकाची किल्ली चौकीदाराकडे नव्हतीच, आगीच्या आधी ती माझ्यासमोर मालकांच्या माणसाने नेली. एवढं बोलून खाली बसला. चौकीदार नुसता बघतच राहिला त्याच्याकडे. आणि मग… थांब. तुला कारकून कसा माहीत?

खारू : पोस्टरवर आहे ना तो.

आई : पोस्टरवर चौकीदार आहे. कारकुनाचं नुसतं कोपर आहे. इकडे बघ माझ्याकडे.

खारू : थोडासाच बघितलाय.

आई : थोडासा म्हणजे केवढा?

खारू : म्हणजे शेवट नाही बघितला.

आई : वा! म्हणजे शेवट सोडून सगळा. खारू, तो मोठ्यांचा सिनेमा आहे.

खारू : का पण? त्यात मारामारी नाही, काही नाही. नुसती माणसं खोटं बोलतात. ते तर मला कळतं.

आई : आणि शाळेतून आल्यावर आधी काय करायचं ठरलंय आपलं?

खारू : अभ्यास. केला. काकूंना विचार, त्या पाच वाजता डोकावल्या होत्या. मी गणितच करत होते.

आई : ते विचारीन मी शेजारी जाऊन. मला आधी हे सांग, मला कसा पत्ता लागला नाही? मी रोज जिथे सोडायचे, तिथूनच लागायचा की तो.

खारू : मी मिनिट लिहून ठेवायचे. चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानावर. तू कुठे सोडलास ते आधी लिहायचं, मग मी माझा बघायचा, आणि शेवटी सरकवून परत तुझ्या मिनिटावर नेऊन ठेवायचा.

आई : अगं बाई! ही अक्कल घटक चाचणीत कुठे दडी मारून बसते?

खारू : आणि तुझ्या पुढे कधी जायचं नाही, असा नियम केला होता मी. तू बघितलेलाच भाग बघायचा. म्हणजे चोरी होत नाही.

आई : नियमसुद्धा आहेत. बरं.

खारू : कालच मोडला. काल तो सही करायला बसला आणि तुझं मिनिट आलं. मग मला थांबवेना. पुढे बघत बसले, तेवढ्यात काकूंनी बेल वाजवली आणि मी घाबरून बोट कुठेतरी फिरवलं आणि बंद केला.

आई : म्हणून! काल रात्रीचं आवरण्याआधी मी लावला, तर हा बाबा एकदम कोर्टाच्या पायऱ्या चढतोय. मी म्हटलं, परवा तुझ्या बाबांच्या शर्टाची कॉलर करताना माझंच लक्ष गेलं असेल कुठेतरी. असंच तर बघते मी. हातात कपडा, एक डोळा इस्त्रीवर, एक सिनेमावर.

खारू : बावीस मिनिटं गेली तुझी. मी आज मोजलं. त्यातली चौदा मी बघितलीत. आठ मिनिटं मीही नाही आणि तूही नाही.

आई : बावीस मिनिटांत असं काय मोठं झालं?

खारू : आधी तू सांग. तुला कारकून कसा वाटला?

आई : कसा म्हणजे? देवमाणूस. असा एक तरी माणूस प्रत्येक कचेरीत हवा. पहिल्यापासून सरळ, नाकासमोर चालणारा.

खारू : पहिल्यापासून नाही काही. सही त्यानेच केली होती.

आई : कशावर?

खारू : त्या कागदावर! ‘किल्ली चौकीदाराकडेच होती आणि त्याने ती हरवली’ त्या.

आई : नाही गं, तो कागद मॅनेजरचा.

खारू : लिहिला मॅनेजरने. खाली सही कारकुनाची. कॅमेरा जवळ जातो, पेनचं टोक दिसतं. त्याने एकदा पेन झटकलं, शाई येत नव्हती म्हणून. आणि मग केली… आई, इस्त्री! इस्त्री उचल!

आई : अरे देवा! … वाचला. तुझाच स्कर्ट होता. जरासा पिवळा झालाय, आतल्या बाजूला आहे, दिसणार नाही.

खारू : आज तू तिसऱ्यांदा केलंस असं.

आई : झालं असेल. मग पुढे? सही करून काय केलं त्याने?

खारू : घरी गेला. तेच मला कळलं नाही. मला वाटलं, आता हा रडेल, नाहीतर पावसात उभा राहील. सिनेमात राहतात ना? पण हा घरी गेला, हातपाय धुतले, मुलीच्या सायकलची साखळी बसवून दिली आणि जेवला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बायकोने विचारलं, आज भूक लागलीय वाटतं? तर म्हणाला, हो, आज खूप लागलीय. का गं आई? खोटं केल्यावर भूक लागते?

आई : … लागते.

खारू : मला तर पोटात दुखतं. फुलदाणी फोडली तेव्हा केवढं दुखत होतं.

आई : लहानपणी दुखतं. मोठेपणी आधी वाटतं, सुटलो. आणि सुटल्यासारखं वाटलं की माणूस छान जेवतो. दुखायचं ते नंतर दुखतं, आणि तेव्हा कशाने दुखतंय ते कळत नाही. माणूस म्हणतो, झोप झाली नाही, दगदग झाली.

खारू : हे सिनेमात नव्हतं.

आई : असेल तुझ्या त्या आठ मिनिटांत.

खारू : आई, एक विचारू? तू बघताना कोण असतेस?

आई : म्हणजे?

खारू : सिनेमात. मी ती सायकलवाली मुलगी होते. तू कोण होतीस?

आई : मी… चौकीदार.

खारू : का? तू तर दवाखान्यात बसतेस, फाटकावर कुठे बसतेस?

आई : त्याच्यावर अन्याय होतो ना. बघणारे सगळे चौकीदारच होतात. थेटरात चारशे माणसं असली तर चारशे चौकीदार.

खारू : मग जे खरंच कारकून असतात, ते जातात की नाही सिनेमाला?

आई : जात असतील की.

खारू : मग ते कोण होतात?

आई : तेही चौकीदारच होत असतील, खारू. तिकीट काढून.

खारू : आणि मालकाचा माणूस?

आई : तोही. हे मला आजवर कधी सुचलंच नाही बघ. किती वर्षं बघतेय मी असे सिनेमे. कॉलेजात असताना आम्ही पाच जणी होतो. नाचगाण्याचे सिनेमे आम्हाला चालायचे नाहीत. गिरणीवरचा, कोर्टातला, मजुरांचा, असला काही लागला की आम्ही हजर. सुटला की बसथांब्यावर उभं राहून भांडायचं. तीन-तीन बस सोडायच्या. एक म्हणायची, नायकाने तडजोड करायला नको होती, दुसरी म्हणायची, मग काय उपाशी मरायचं का. घसा बसायचा. आणि घरी जाताना वाटायचं, आता उद्यापासून आपण खोटं खपवून घ्यायचं नाही.

खारू : मग उद्या काय करायचात?

आई : उद्या प्रॅक्टिकल असायचं.

खारू : म्हणजे कोणीच काही केलं नाही?

आई : एकीने केलं. आमच्या वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला पावसात बसायला छप्पर नव्हतं. ती गेली तडक रेक्टरबाईंकडे आणि म्हणाली, त्याला छप्पर करून द्या.

खारू : मग दिलं?

आई : छत्री दिली.

खारू : छप्पर नाही?

आई : छत्री. पण आम्ही केवढ्या मिरवलो त्या छत्रीवर! आता बसथांबा नाही, भांडायला कोणी नाही. अठरा मिनिटं इस्त्रीबरोबर, दहा मिनिटं भाजी चिरताना. रडू आलं तरी उभ्या उभ्या उरकायचं, कारण पुढचा शर्ट वाट बघत असतो. पण रडले की बरं वाटतं. वाटतं, आपण अजून तशाच आहोत.

खारू : कशा?

आई : चांगल्या.

खारू : तू आहेसच की चांगली. आई, मघाशी डॉक्टरमॅडमचा फोन आला होता ना, तू भांडी घासत होतीस तेव्हा? त्या म्हणाल्या, आईला सांग, कागद तयार आहे, उद्या नऊला सही करायची आहे. मी सांगितलं तुला, तर तू नुसतं ‘हं’ म्हणालीस.

आई : ऐकलं मी.

खारू : कसला कागद?

आई : दवाखान्याचा.

खारू : त्या लसींच्या फ्रिजचा?

आई : हो. सोमवारी सकाळी गेलो तर प्लग निघालेला, सगळ्या लसी कोमट झालेल्या. फेकून द्याव्या लागल्या. त्याचं लिहून ठेवायचं असतं, कसं झालं, कोणामुळे झालं.

खारू : सफाईवाल्या मावशींमुळे?

आई : तसं लिहिलंय कागदात. फरशी पुसायचं यंत्र लावायला त्यांनी प्लग काढला असणार. शुक्रवारी मी निघाल्यावर संध्याकाळी सातला त्या येतात, मग शनिवार-रविवार दवाखाना बंद.

खारू : पण मावशींचं यंत्र तर बाहेरच्या प्लगला लागतं. सुट्टीत मी येते तेव्हा त्या मला वायर धरायला देतात. लांबलचक आहे, अगदी टोकापर्यंत पोचते.

आई : कधीतरी नसेल पोचली.

खारू : मग मावशी आता येत नाहीत?

आई : सोमवारपासून नको म्हणून सांगितलंय. उद्या कागद झाला की दुसरी बाई बघणार आहेत.

खारू : मावशी काय म्हणाल्या?

आई : म्हणाल्या, मी नाही काढला. सगळेच म्हणतात तसं. खारू, तो हँगर दे. आणि ती तुझी चित्रकलेची वही आण बघू, मला ते मागचं पान बघायचंय. तू खरंच मिनिटं लिहिलीस की मला बनवतेयस?

खारू : ही बघ. मागचा गुरुवार, संध्याकाळ, एकतीस. म्हणजे तू गुरुवारी एकतिसाव्या मिनिटाला सोडलास. शुक्रवारी शाळेतून आले तर अठ्ठेचाळीस.

आई : असं कसं? मी शुक्रवारी दुपारी घरी कुठे होते?

खारू : मलाही तेच वाटलं होतं. मग कळलं. आपलं खातं एकच आहे ना, तू फोनवर बघितलास तरी इथे पुढे जातो. म्हणजे सतरा मिनिटं तू दवाखान्यात बघितलीस.

आई : जेवायच्या सुट्टीत. त्यात काय? डबा खाता खाता बघितला.

खारू : पण तुझा फोन तर दुपारपर्यंत टिकत नाही. बाबा म्हणतात, त्याला सलाईन लावून ठेवावी लागते.

आई : चार्जर असतो माझ्या पिशवीत.

खारू : मग कुठे लावलास?

आई : आतल्या खोलीत. तिथे डबा खाते मी, शांत असतं.

खारू : औषधांच्या खोलीत? तिथे तर एकच प्लग आहे, फ्रिजचा. लाल पट्टीवाला. ‘काढू नये’ लिहिलेला. पट्टी मीच कापून दिली होती तुला.

आई : इस्त्रीचं बटण बंद कर.

खारू : अजून चार कपडे आहेत.

आई : बंद कर. बस इथे.

खारू : तू काढलास प्लग?

आई : मी काढला. चार्जर लावला, सतरा मिनिटं सिनेमा बघितला. बाहेर एक बाळ रडायला लागलं, तशी चार्जर ओढून पिशवीत टाकला आणि पळाले. फ्रिजचा परत लावायचा राहिला.

खारू : मग तू डॉक्टरमॅडमना खोटं सांगितलंस?

आई : सोमवारी नाही. सोमवारी मला खरंच वाटलं मावशींनीच काढला असणार. मीच म्हणाले तसं, सगळ्यांच्या आधी. मंगळवारी दुपारी डबा खायला बसले, पिशवीतून चार्जर काढला आणि हातातच राहिला. तेव्हा आठवलं.

खारू : मंगळवारी.

आई : हो.

खारू : पण मग शुक्रवारी संध्याकाळी तुला कळायला हवं होतं. तू निघायच्या आधी फ्रिजमधला थर्मामीटर बघून दवाखान्याच्या वहीत लिहितेस ना? तूच मला शिकवलंस. दोन ते आठच्या मध्ये असेल तर लस चांगली राहते.

आई : लिहिलं होतं. चार.

खारू : फ्रिज दुपारपासून बंद होता तर चार कसं?

आई : मी फ्रिज उघडलाच नाही. तुला शाळेच्या कार्यक्रमाचे कपडे शिवायला टाकायचे होते, शिंप्याचं दुकान साडेसहाला बंद होतं. वही उघडली आणि चार लिहिलं.

खारू : मग चार आलं कुठून?

आई : रोज चारच असतं, खारू. कधी साडेचार. दोन वर्षं रोज बघितलं, रोज चार. मग एक दिवस घाईत न बघता लिहिलं, तरी काही बिघडलं नाही. आणि त्या चारामुळेच मावशी अडकल्या बघ. डॉक्टर म्हणाल्या, सहाला फ्रिज चालू होता, सिस्टरच्या वहीत नोंद आहे, म्हणजे जे झालं ते सहानंतर झालं. सहानंतर तिथे एकटी मावशीच असते.

खारू : म्हणजे तू चौकीदार नाहीस.

आई : नाही.

खारू : तू…

आई : म्हण की. मघापासून मला तेच वाटतंय. तू सांगितलंस, त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा मला त्याच्या तोंडातल्या घासाची चवसुद्धा कळली. मंगळवारी मी पण जेवले होते. तुझ्याशी पत्ते खेळले. तुला हरवलं दोनदा.

खारू : तीनदा.

आई : आणि काल-आज सिनेमा बघून रडले. एवढं कसं रडू येतं याचं मलाच नवल वाटत होतं.

खारू : आई, खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाईल?

आई : जाऊ शकते. प्लगचं एक वेळ माफ करतील. वहीतल्या चाराचं नाही करणार.

खारू : आणि नाही सांगितलं तर मावशींची जाईल.

आई : हो.

खारू : बाबांना विचारूया? ते रविवारी गाडीची फेरी संपवून येणारच आहेत.

आई : सही उद्या आहे. आणि बाबा म्हणतील, गप्प बस. माझ्याच काळजीने म्हणतील, आणि मला ते ऐकावंसं वाटेल. म्हणून नको विचारायला.

खारू : मग एक आयडिया. ती आठ मिनिटं बघूया का? त्यात असणार ते. सही केलेला माणूस कोर्टाच्या पायरीपर्यंत कसा पोचला. लावू? आठच मिनिटं लागतील.

आई : लाव… नको. थांब. नको लावू.

खारू : का? तुला बघायचं नाही?

आई : फार बघायचंय. पण बघितलं ना, की मी रडेन. रडले की बरं वाटेल. आणि बरं वाटलं की चार कपडे राहिलेत ते करीन आणि झोपेन. मला माहीत आहे मी कशी आहे ते.

खारू : मग त्याने काय केलं ते कळणार कसं?

आई : नाही कळणार आत्ता. त्याचं तो बघेल. माझा फोन दे.

खारू : काय बोलणार?

आई : तेच तर माहीत नाही. त्याचं वाक्य छान होतं, पण ते किल्लीचं होतं. माझं फ्रिजचं आहे. लागला बघ. स्पीकरवर ठेव. मला एकटीला ऐकायचं नाहीये.

डॉक्टर : बोला सिस्टर. मुलीने निरोप दिला ना? उद्या जरा वेळेवर या, ती दुसरी बाई नऊलाच येतेय भेटायला.

आई : मॅडम, मी सही नाही करू शकत त्याच्यावर.

डॉक्टर : का? लिहिण्यात काही चुकलंय?

आई : हो. शुक्रवारी संध्याकाळचा आकडा चुकलाय. तो मी फ्रिज न उघडता लिहिला. फ्रिज तेव्हा बंद होता, दुपारपासून. प्लग मी काढला होता, माझा फोन लावायला. परत लावायला विसरले.

डॉक्टर : … तुम्ही?

आई : मी.

डॉक्टर : सोमवारी का नाही बोललात?

आई : सोमवारी आठवलं नव्हतं. मंगळवारी आठवलं.

डॉक्टर : आज गुरुवार आहे.

आई : हो, मॅडम.

डॉक्टर : एक विचारते. नीट आठवून सांगा. न बघता लिहिलेला तो एकच आकडा आहे?

आई : नाही.

डॉक्टर : किती आहेत?

आई : मोजले नाहीत. घाई असली की व्हायचं. आठवड्यातून एखादा. कधी दोन.

डॉक्टर : सिस्टर, तुमच्या त्या वहीवर विश्वास ठेवून मी पोरांच्या दंडात सुई घालते.

आई : मला माहीत आहे.

डॉक्टर : माहीत आहे, म्हणूनच मला कळत नाहीये… जाऊ दे. उद्या आठला या. मी आणि तुम्ही वही घेऊन बसू, एकेक ओळ. कुठली बघितलेली, कुठली नाही, जेवढं आठवेल तेवढं. पुढचं काय ते मी त्यानंतर ठरवीन. आत्ता मी तुम्हाला कसलाही शब्द देत नाही.

आई : मी मागतही नाही. फक्त मावशींचं…

डॉक्टर : त्यांचा कागद रद्द. त्यांना मी कळवते आत्ताच.

आई : मॅडम, मी कळवू का? मीच त्यांचं नाव घेतलं होतं पहिल्यांदा.

डॉक्टर : … कळवा.

खारू : ठेवला त्यांनी?

आई : ठेवला.

खारू : रागावल्या नाहीत फार.

आई : रागावल्या असत्या तर बरं होतं.

खारू : गेली का नोकरी?

आई : ते उद्या कळेल. तू घाबरलीस?

खारू : थोडी. पण तुझा आवाज मस्त होता. तू हळू बोलत होतीस. मला वाटलं तू ‘मॅडम, माझी परिस्थिती’ वगैरे म्हणशील.

आई : जिभेवर आलं होतं. आता मावशींचा नंबर काढ. ‘फरशी मावशी’ म्हणून असेल बघ. शी! दोन वर्षं हेच नाव ठेवलंय मी त्यांचं.

खारू : हा बघ. वाजतोय.

मावशी : कोण? सिस्टर? थांबा हं, शेगडी बारीक करते. … हां, बोला.

आई : मावशी, डॉक्टरमॅडमशी बोलून तुम्हाला फोन करतेय. तो प्लग तुम्ही नव्हता काढला.

मावशी : काय म्हणता?

आई : मी काढला होता. शुक्रवारी दुपारी. जेवायच्या सुट्टीत, फोन लावायला. मग विसरले. वहीत आकडाही खोटा लिहिला. मंगळवारपासून मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही. तुमच्यावर काही नाही आता. मॅडमनी कागद रद्द केलाय.

मावशी : दुपारी काढला तुम्ही?

आई : दुपारी.

मावशी : म्हणजे मी सातला आले, तेव्हा तो निघालेलाच होता?

आई : निघालेलाच होता. तुमचा काही संबंधच नव्हता, मावशी. माझं चुकलं. फार चुकलं.

मावशी : नक्की ना, सिस्टर? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?

आई : नाही हो. अगदी नक्की. असं का विचारता?

मावशी : सोमवारी तुम्ही म्हणालात तेव्हा मी नाही म्हणाले. मंगळवारीसुद्धा सगळ्यांना सांगत होते, मी नाही, मी नाही. मग काल दिवसभर घरी बसून होते. म्हटलं, एवढ्या शिकलेल्या बायका म्हणतायत, वहीत लिहिलेलं आहे, तर नीट आठवून बघावं. बसले आठवत. आणि आठवलं हो मला. मी वाकले, डाव्या हाताने प्लग ओढला, फ्रिजमागची धूळ बोटांना लागली, ती पदराला पुसली. सगळं दिसलं मला. आज सकाळी लेकाला सांगूनसुद्धा टाकलं, बहुतेक माझ्याच हातून झालंय म्हणून.

आई : तुमच्या हातून नाही झालं.

मावशी : हो, कळलं ते. पण सिस्टर, मग मला आठवलं, ते काय होतं?